सोलापूर जिल्हा : काही नेहमीचे प्रश्न

परगावचे पाहुणे आम्हां सोलापूरकरांना जे प्रश्न विचारतात, ते बहुधा ठरलेले असतात. गावाला हे नाव कशावरून पडले? येथे ऊन इतके कडक आणि पाऊस इतका तोकडा का? मराठी, कानडी आणि तेलुगू एकाच पेठेत कशा नांदतात? आणि अखेरीस, थोड्या कणवेने विचारलेला प्रश्न : असल्या दुष्काळी मुलखात माणसे राहतात तरी कशी? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे आम्ही हौसेने देतो. चौथा आला की 'दैव आमचे' म्हणून मोकळे होतो. आमच्या मते खरा विचार करण्याजोगा प्रश्न हा चौथाच होय; आणि दैवाकडे बोट दाखवून त्याचे उत्तर मिळत नाही, हे बाकीच्या तीन प्रश्नांचा नीट मागोवा घेतला म्हणजे ध्यानात येते.

प्रथम भूगोल पाहू. अकरा तालुक्यांचा हा जिल्हा महाराष्ट्राच्या दक्षिण सीमेवर, दख्खनच्या पठारावर पसरलेला आहे. उत्तरेस बार्शीकडे बालाघाटच्या टेकड्या सोडल्या तर बहुतेक मुलूख सपाट. भीमा जिल्ह्यातून वाकडीतिकडी वाहते. पंढरपुराशी तिला चंद्रकोरीचा आकार येतो, म्हणून तेथे ती चंद्रभागा होते. सीना आणि माण या तिला मिळणाऱ्या नद्या. नद्यांच्या काठी खोल काळी जमीन, आणि चढावर मुरमाड माळ. ही काळी जमीन एकदा भिजली की महिनोन् महिने ओल धरून ठेवते. हा तिचा गुण लक्षात ठेवावा. पुढील सर्व कथा त्याच्याशी बांधलेली आहे.

आता पाऊस. अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे सह्याद्रीला अडतात आणि आपला भार तेथेच उतरवितात. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून अडीचशे किलोमीटरांच्या आत असलेल्या आमच्या जिल्ह्यात तो साधारण साडेपाचशे ते सातशे मिलिमीटर, म्हणजे जुन्या मापाने बावीस ते अठ्ठावीस इंच. याला भूगोलवेत्ते पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. पण केवळ आकडा सांगून भागत नाही. आमच्याकडे मृग आणि आर्द्रा पुष्कळदा हूल देऊन जातात आणि भरवशाचा पाऊस येतो तो उत्तरा-हस्तात, सप्टेंबर महिन्यात. म्हणून येथील शेतकऱ्याने आपला संसार रब्बीवर उभा केला. हस्ताच्या ओलीवर शाळू पेरायचा आणि पुढे थंडीत, दवावर, त्याच ओलीवर तो पिकवायचा. मंगळवेढ्याची ज्वारी नावाजली ती यामुळे. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडून काढलेले मालदांडीचे वाण तर दख्खनभर गेले. ज्याला परका मनुष्य उणेपणा समजतो, त्याच हवामानाशी जुळवून घेऊन पिढ्यान् पिढ्यांनी ही एक पद्धत बसविली होती.

नावाचा प्रश्न याहून सोपा नाही. सोळा गावे मिळून सोलापूर झाले, ही व्युत्पत्ती शाळेच्या पोरालाही पाठ असते. पण शिलालेख निराळी साक्ष देतात. कल्याणीच्या कलचुरींच्या काळातील लेखांत या गावाचे नाव 'सोन्नलगे' असे येते. यादवांच्या पाडावानंतरच्या, मोहोळ तालुक्यातील कामती येथे मिळालेल्या संस्कृत लेखात ते 'सोनलीपूर' होते; आणि किल्ल्यातील लेखांत 'सोनलपूर' व 'संदलपूर' अशी रूपे आढळतात. सोन्नलगेपासून सोलापूरपर्यंतचा हा प्रवास पाहिला म्हणजे सोळा गावांची कथा मागाहून जुळविलेली असावी, असेच मानणे भाग पडते.

या सोन्नलगेला थोरवी आणली ती बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांनी. बसवेश्वरांचे हे समकालीन. त्यांची वचने कानडीत आहेत, आणि राघवांक या कानडी कवीने त्यांचे चरित्र काव्यात गायिले आहे. आज मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा सर्व भाषा बोलणारे सोलापूरकर संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांपुढे हात जोडतात, ते त्यांच्याच नावाने. या योग्याने केले काय? परंपरा सांगते की त्यांनी अडुसष्ट लिंगे स्थापिली आणि शिष्यांना बरोबर घेऊन तलाव खोदला. ज्या गावात पाऊस थोडा, तेथे देवाच्या कामातच पाणी साठविण्याचे काम गणले गेले, ही गोष्ट आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. दोन राज्यांच्या सीमावादात सोलापूर कोणाचे, याचा पुष्कळ खल झाला; १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगापुढेही हा प्रश्न गेला. पण गावाच्या मध्यावरचा हा तलाव भाषेची विचारपूस न करता सर्वांच्या उपयोगी पडत आला.

राजवटींची हकीकत थोडक्यात सांगता येईल. बहामनी काळात भुईकोट किल्ला झाला. विजापूर आणि अहमदनगर यांच्यात या किल्ल्यासाठी वारंवार झुंजी झाल्या. चांदबिबीच्या विवाहात तो आदिलशहाकडे आंदण म्हणून गेला. पुढे मोगल, निजाम, मराठे असे धनी बदलले, आणि मे १८१८ मध्ये मन्रोने तो घेतला. १९३० मध्ये याच शहराने लष्करी कायदा सोसला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन हे चार वीर येरवड्यास फासावर गेले. हा इतिहास आम्हांला तोंडपाठ आहे. परंतु लढायांपेक्षा ज्यांनी अधिक माणसे नेली, त्या दुष्काळांचा इतिहास आम्ही तितका पाठ केलेला नाही.

दुर्गादेवीच्या दुष्काळाची आठवण लोककथेत राहिली. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी सरकारी कोठारे उघडून धान्य लुटविले आणि विठ्ठलाने महाराच्या वेषाने जाऊन भरणा केला, ही कथा घरोघर सांगतात. तिचा चमत्कार बाजूला ठेवला तरी एक मर्म उरते : लोक उपाशी होते तेव्हा कोठारे भरलेली होती. १८७६-७७ च्या दुष्काळातही हेच दिसून आले. १८६० मध्येच रेल्वे सोलापुरास पोहोचली होती. धान्य येऊ शकत होते, नव्हे येतही होते. पण शेतमजुराच्या आणि विणकराच्या हाती ते विकत घेण्यास पैसा नव्हता. अशा वेळी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुरी कमी केली, आणि मुंबई इलाख्यात अर्धपोटी मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने, जागोजागची हकीकत गोळा करून सरकारपुढे मांडली. १८७२ च्या शिरगणतीत सात लाखांवर असलेली जिल्ह्याची वस्ती १८८१ मध्ये सहा लाखांच्या आत आली. आभाळाने एक पीक बुडविले हे खरे. परंतु एवढी माणसे एकट्या आभाळाने नेली नाहीत.

त्याच काळात दुसरीही कामे घडली. शहराच्या उत्तरेस एकरुखचा मोठा तलाव १८७१ मध्ये पुरा झाला होता. पुढे शहराला पिण्याचे पाणीही तेथूनच मिळू लागले. १८७७ मध्ये, ऐन दुष्काळात, मोरारजी गोकुळदासांची जुनी गिरणी सुरू झाली. शेतावरून उठलेल्या माणसाला गिरणीच्या भोंग्याने बोलाविले. तेलंगणातील पद्मशाली विणकर मागासह येथे स्थिरावले. पेठेत तीन भाषा कशा नांदतात, या प्रश्नाचे अर्धे उत्तर सिद्धरामेश्वरांच्या काळात आहे आणि अर्धे मागात व गिरणीत आहे. ती गिरणी आज उरली नाही. पण सोलापुरी चादरीने गावाचे नाव दूरवर नेले.

स्वातंत्र्यानंतर सर्वांत मोठे काम झाले ते उजनीचे. भीमेवरचे हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी करमाळा, इंदापूर तालुक्यांतील गावांनी आपली घरे व देवळे पाण्याखाली दिली. त्यांचे ऋण विसरता कामा नये. भीमा उगम पावते भीमाशंकरी, घाटमाथ्यावर. म्हणजे सह्याद्रीने जो पाऊस आमच्यापासून अडवून ठेवला, तोच नदीच्या वाटेने उजनीत आमच्या दारी आला! सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी येथे मावते. त्यांतील निम्म्याहून अधिक मृत साठा आहे, तरी उरलेले पाणीही थोडे नव्हे.

मग तक्रार कसली? तक्रार ही की, पाणी आले आणि आम्ही ओलीवर शेती करण्याचे शहाणपण विसरलो. ऊस वर्ष-दीड वर्ष जमिनीत उभा राहतो व तेवढा काळ पाणी पितो. साखर कारखान्यांच्या संख्येत आमचा जिल्हा राज्यात आघाडीवर गेला. आणि त्याच जिल्ह्यात सांगोल्या-मंगळवेढ्याकडील गावांनी टँकरची वाट पाहिली, तर शहराने कित्येक उन्हाळे तीन-चार दिवसांआड आलेल्या नळावर काढले. ऊस करणाऱ्या शेतकऱ्याला आम्ही दोष देत नाही. ज्या पिकाला बांधलेला भाव आणि हक्काचे गिऱ्हाईक आहे ते तो घेणारच. शाळूला, तुरीला तसा आधार कोण देतो, हा प्रश्न आहे. सांगोल्याने थोड्या पाण्यावर डाळिंब पिकवून जगाच्या बाजारात नेले, हे उदाहरणही आमच्यासमोर आहेच.

तेव्हा चौथ्या प्रश्नाला यापुढे असे उत्तर द्यावे : आमच्याकडे पाऊस कमी पडतो, ही भूगोलाची गोष्ट आहे. अवर्षणाचा दुष्काळ होतो की नाही, ही साठवणीची आणि वाटणीची गोष्ट आहे. सिद्धरामेश्वरांच्या तलावापासून उजनीपर्यंत साठविण्याची विद्या या मातीने चांगली कमावली. वाटण्याची विद्या आम्हांला अजून शिकावयाची आहे, आणि ती शिकण्यासाठी मृगाच्या ढगांची वाट पाहण्याचे कारण नाही.