न पटलेलं पुस्तक

मंडळी, मी जन्मभर इतिहास आणि मराठी शिकवलं. रसायनशास्त्राशी माझा संबंध जुन्या अकरावीलाच संपला. त्यामुळे आजचा विषय पाहून आमच्या नात्यातले शास्त्रवाले गालात हसतील. हसू देत. विषय रसायनाचा असला तरी गोष्ट इतिहासाची आहे, आणि ती सांगायचा मला थोडाफार अधिकार आहे.

औषधात भेसळ आहे का, खेळाडूने उत्तेजक घेतलं का, पाण्यात विष आहे का, हे आजकाल प्रयोगशाळेत दोन पायऱ्यांनी शोधतात. पहिली पायरी म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करायचे. ही क्रोमॅटोग्राफी. दुसरी म्हणजे वेगळ्या झालेल्या प्रत्येकाचं वजन करून तो कोण ते ओळखायचं. ही मास स्पेक्ट्रोमेट्री. यातल्या पहिल्या पायरीचा जनक रसायनशास्त्रज्ञ नव्हताच, तो वनस्पतिशास्त्राचा माणूस होता. त्याचं नाव मिखाईल त्स्वेत.

त्स्वेतचा जन्म १८७२ चा, इटलीतल्या आस्ती गावचा. वडील रशियन, आई इटालियन. तो तान्हा असतानाच आई गेली. शिक्षण स्वित्झर्लंडमध्ये झालं आणि १८९६ साली जिनिव्हात डॉक्टरेट मिळाली. मग वडिलांच्या देशात नोकरी करावी म्हणून तो रशियात आला, तर तिथे परदेशी पदवी चालेना! डॉक्टर झालेल्या माणसाला १९०१ मध्ये कझानला पुन्हा मास्टरची पदवी घ्यावी लागली, आणि पुढे १९१० मध्ये रशियन डॉक्टरेटही. मास्टरच्या पदवीनंतरच वॉर्सात नोकरी मिळाली होती. पोलंडचं हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होतं.

त्याच्यापुढचा प्रश्न साधा होता. पानाचा हिरवा रंग एकच आहे की अनेक रंगांची मिसळ? त्याने काचेची उभी नळी घेतली आणि तीत खडूच्या जातीची पांढरी भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ठासून भरली. पानांचा अर्क वरून ओतला आणि पाठोपाठ शुद्ध द्रावक सोडत राहिला. अर्क खाली उतरता उतरता फाटत गेला. पांढऱ्या भुकटीत पिवळे, हिरवे, निळसर हिरवे असे वेगवेगळे पट्टे उमटले.

हे का होतं? जत्रेचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. सगळी मंडळी एकाच वेळी निघतात. कुणी प्रत्येक दुकानापाशी रेंगाळतं, कुणी थेट देवळापाशी पोचतं. तासाभरात एकत्र निघालेल्यांची पांगापांग होते. नळीतली भुकटी म्हणजे ती दुकानं. ज्या पदार्थाला भुकटीची ओढ जास्त तो मागे राहतो, कमी तो पुढे सरकतो. कुणाला ओढून वेगळं काढावं लागत नाही. रस्ता पुरेसा लांब असला की झालं.

मार्च १९०३ मध्ये त्याने वॉर्सातल्या निसर्गअभ्यासकांच्या सभेत या कामावर व्याख्यान दिलं. १९०६ साली जर्मन वनस्पतिशास्त्राच्या नियतकालिकात दोन लेख लिहिले आणि पद्धतीला 'क्रोमॅटोग्राफी' हे नाव दिलं. ग्रीक शब्दांवरून, म्हणजे रंगलेखन. गंमत अशी की रशियन भाषेत 'त्स्वेत' म्हणजेच रंग!

आता कुणालाही वाटेल की जगाने त्याला डोक्यावर घेतलं असेल. तसं झालं नाही.

त्या काळी वनस्पतींच्या रंगद्रव्यांमधला सर्वात मोठा अधिकारी म्हणजे जर्मनीचा रिखार्ड विल्श्टेटर. त्याला याच कामासाठी १९१५ चं नोबेल मिळालं. त्याने त्स्वेतची पद्धत करून पाहिली, पण ती त्याच्या कामाला लागू पडली नाही. त्याने वापरलेल्या भुकटीत हरितद्रव्यच बिघडत होतं, असं कारण पुढे दिलं गेलं. शिवाय दोघांची वृत्तीच वेगळी. त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञाला पदार्थ हातात हवा असे, चांगला भरपूर, स्फटिक पाडून, तोलूनमापून. त्स्वेतच्या नळीत दिसायचे नुसते पट्टे, आणि मालही चिमूटभर. एवढ्याशावरून निष्कर्ष काढणारा हा वनस्पतीवाला कोण? मोठ्याने मान हलवली नाही की बाकीचे आपोआप गप्प बसतात. ते आपल्याकडेही काही वेगळं नाही.

अगदी कुणीच दखल घेतली नाही असं मात्र नाही. स्वित्झर्लंडमध्ये शार्ल देरे आणि अमेरिकेत लेरॉय पामर यांनी ही पद्धत वापरली. १९१८ च्या नोबेलसाठी त्स्वेतचं नाव सुचवलंही गेलं होतं. पण तोवर त्याच्या पायाखालची जमीनच सरकली होती. १९१५ साली जर्मन फौजा वॉर्सात शिरल्या. त्याची संस्था आधी मॉस्कोला आणि मग निझनी नोव्हगोरोदला हलवली. १९१७ मध्ये युरियेवला, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या तार्तूला, एकदाचं प्राध्यापकपद मिळालं. तर पुढच्याच वर्षी तिथेही जर्मन आले! पुन्हा बिऱ्हाड पाठीवर घेऊन वोरोनेझ गाठलं. प्रकृती कधीच खालावली होती. जून १९१९ मध्ये तो तिथे वारला, वयाच्या ४७ व्या वर्षी.

इथे ही गोष्ट संपली असती. पण १९१० साली त्स्वेतने आपलं सगळं काम एका रशियन ग्रंथात मांडून ठेवलं होतं. रशियन वाचणारे रसायनशास्त्रज्ञ पश्चिमेकडे किती असणार? विल्श्टेटरकडे मात्र त्या ग्रंथाचं जर्मन भाषांतर होतं. ते त्याने आपला शिष्य रिखार्ड कून याच्या हवाली केलं. १९३० च्या सुमारास हायडेलबर्गला कूनच्या हाताखाली एडगर लेडरर नावाचा बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा लागला. गाजराचं कॅरोटीन एक की अनेक, हा त्याचा प्रश्न. पामरच्या पुस्तकात त्याला त्स्वेतचं नाव दिसलं आणि कूनने ते भाषांतर त्याच्या हाती ठेवलं. लेडररने नळी भरली. १९३१ मध्ये त्यांनी जाहीर केलं की कॅरोटीन एक नाही. अल्फा आणि बीटा अशी दोन वेगळी होऊन समोर आली. त्यानंतर काही वर्षांतच ही पद्धत प्रयोगशाळांमधून सर्वत्र पसरली.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९४१ मध्ये इंग्लंडात लीड्सच्या लोकर संशोधन संस्थेत आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी या पद्धतीला नवं रूप दिलं. त्यांना १९५२ चं नोबेल मिळालं. नळीऐवजी कागदही चालतो हे मार्टिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये दाखवलं. टीपकागदावर शाईचा थेंब टाकून कडा पाण्यात बुडवली की शाईतले रंग वेगळे होतात, हा शाळेतला खेळ त्याच जातीचा. मग १९५२ साली मार्टिन आणि जेम्स यांनी द्रवाच्या जागी वायू वापरून दाखवला.

पण वेगळे झाले म्हणजे ओळख पटली असं नाही. रंग नसेल तर पट्टासुद्धा दिसत नाही. तिथे दुसरी पायरी लागते. पदार्थाच्या कणांना विद्युतभार द्यायचा आणि निर्वात पोकळीतून, चुंबकाच्या प्रभावात पळवायचं. रिकामी सायकल वळणावर झटकन वळते, उसाने भरलेली बैलगाडी रुंद वळण घेते. तसंच हलका कण जास्त वळतो, जड कमी. वळणावरून वजन कळतं. जे. जे. थॉमसनने १९१२-१३ मध्ये याच मार्गाने निऑनचे २० आणि २२ वजनाचे दोन प्रकार दाखवले. त्याचा सहकारी अॅस्टन याने १९१९ मध्ये यंत्र सुधारलं आणि १९२२ चं नोबेल मिळवलं. १९५० च्या दशकात वायूची क्रोमॅटोग्राफी आणि हा वजनकाटा यांचं लग्न लागलं. द्रवाशी जमवायला बराच वेळ लागला. त्यात मोठा वाटा जॉन फेन यांचा. त्यांनी हे काम साठीनंतर केलं आणि २००२ साली वयाच्या ८५ व्या वर्षी नोबेल घेतलं. (आमच्या कट्ट्यावरच्या मंडळींनी नोंद घ्यावी!)

हे सगळं आपल्या दारापर्यंत आलेलं आहे. २०१० साली आपल्याकडची द्राक्षं युरोपात अडकली, आठवतं? वेलीची वाढ आटोक्यात ठेवणाऱ्या क्लोरमेक्वाट या रसायनाचा अंश त्यांत सापडला होता. मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम! न रंग, न वास. असला अंश पकडतात तो या दोन पायऱ्यांच्या जोरावरच. त्या आकड्यावर कित्येक बागायतदारांचं वर्षाचं गणित कोलमडलं. आज निर्यातीच्या द्राक्षांची तपासणी आपल्याकडेच आधी होते, आणि पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा त्यात मोठा भाग आहे.

आता माझ्या मनात घोळणारी गोष्ट. इतकी वर्षं इतिहास शिकवताना मी पाहिलं की पोरांना नायक आणि खलनायक हवे असतात. इथे विल्श्टेटरला खलनायक करणं अगदी सोपं आहे. पण हाच माणूस ज्यू होता. विद्यापीठातल्या ज्यूद्वेषाला कंटाळून त्याने १९२४ मध्ये म्युनिकची खुर्ची सोडली आणि १९३९ मध्ये त्याला देश सोडून पळावं लागलं. लेडररलाही १९३३ मध्ये जर्मनी सोडावी लागली. कूनला १९३८ चं नोबेल जाहीर झालं, ते हिटलरच्या सरकारने घेऊ दिलं नाही. कुणाची वाट सरळ नव्हती.

विल्श्टेटरची त्स्वेतबाबत चूक झाली, हे खरं. पण ज्याची पद्धत पटली नाही त्याचं पुस्तक त्याने जवळ बाळगलं, आपल्याला कळेल अशा भाषेत, आणि पुढच्या पिढीच्या हाती दिलं. टाकून दिलं असतं तर कुणी विचारणार नव्हतं. त्स्वेतला न्याय मिळायला त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षं लागली, आणि तो मिळाला न पटलेल्या माणसाने जपलेल्या कागदांमुळे. वादात जिंकण्याहरण्यापेक्षा मला हे मोठं वाटतं.

असो. तुमच्या मते विल्श्टेटरला किती गुण द्यावेत? मी तर पास केलंय.