टिकतं किती दिवस?

मध्यंतरी मावशी आमच्याकडे राहायला आली होती. रात्री जेवणं झाल्यावर गप्पा रंगल्या, कशावरून तरी सगळे पोट धरून हसलो आणि मावशी एकदम उठून आत निघून गेली. मागाहून कळलं. खोकलं, शिंकलं, हसलं की थोडी लघवी होते. बारा वर्षं! सख्ख्या बहिणीलाही बोलली नव्हती. व्यायाम करून झाले होते. आता डॉक्टरांनी इंजेक्शन सुचवलं होतं. मूत्रमार्गाच्या अस्तराखाली जेल टोचायचं, तिथे उंचवटे येतात, वाट अरुंद होते आणि पोटावर दाब आला तरी गळती अडते. कापाकापी नाही.

मावशीचा प्रश्न एकच. "अगं, पण टिकतं किती दिवस?"

उत्तर शोधायला बसले आणि इतिहासातच शिरले. १९३८ साली मर्लेस नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने कॉड माशाच्या तेलापासून केलेलं एक द्रव्य मूत्रमार्गाशेजारी टोचलं होतं. हेतू हा की व्रण तयार होऊन ती जागा आवळली जावी. १९७० च्या दशकात टेफ्लॉनची पेस्ट आली. हो, तव्यावरचंच टेफ्लॉन! गुण येत होता. पण १९८४ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगात त्याचे कण फुप्फुसांत आणि मेंदूतही सापडले. मग बाईच्या स्वतःच्याच अंगातली चरबी वापरून पाहिली. २००१ च्या एका चाचणीत ती नुसत्या सलाइनपेक्षा सरस ठरली नाही. उलट चरबीची गुठळी फुप्फुसात जाऊन एक बाई दगावली. गाईच्या कोलॅजेनला अमेरिकेत १९९३ मध्ये मान्यता मिळाली. ते शरीरात हळूहळू विरून जाई, म्हणून पुन्हापुन्हा टोचावं लागे. २०११ मध्ये त्याचं उत्पादनच थांबलं. २००४ मध्ये मान्यता मिळालेलं टेग्रेस मूत्रमार्गाचं अस्तर खाऊ लागलं आणि २००७ मध्ये मागे घ्यावं लागलं.

हे वाचताना लक्षात आलं की मावशीच्या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. गुण किती टिकतो? आणि टोचलेली वस्तू किती टिकते? कोलॅजेनचं दोन्ही विरलं. टेफ्लॉनची वस्तू टिकली, पण जागेवर राहिली नाही. आणि जाळीच्या पट्टीचं दोन्ही टिकतं. ही पट्टी शस्त्रक्रिया करून मूत्रमार्गाखाली बसवतात. बहुतेकींना तिचा उत्तम गुण येतो. पण जिला ती टोचू लागली, तिच्या अंगातून ती पुरती काढणं फार कठीण. अशा बायकांनी वर्षानुवर्षं ओरडून सांगितलं, तेव्हा कुठे २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये पट्टीचा वापर थांबवला गेला. त्यानंतर इंजेक्शनांना पुन्हा भाव आला.

मावशीला सुचवलेलं जेल पॉलिअॅक्रिलामाइडचं, त्यात बहुतांश पाणीच. ते कोलॅजेनसारखं विरत नाही. फिनलंडमध्ये त्याची आणि पट्टीची थेट तुलना झाली. तीन वर्षांनंतर पट्टीवाल्या सुमारे ९५ टक्के बायका समाधानी होत्या, जेलवाल्या सुमारे ६८ टक्के. पण गुंतागुंतही बहुतेक पट्टीच्याच वाट्याला आलेली.

सगळं मावशीला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे तीन वर्षांनी तिघींतल्या दोघी खूश. आणि तिसरीला?"

"तिसरीला पुन्हा टोचून घेता येतं. नाहीतर दुसरा उपाय."

"मग मला चालेल. पण हे एवढं डॉक्टरांनी का नाही सांगितलं गं?"

मावशी, तू विचारलंस का, असं ओठांवर आलं होतं. पण जी गोष्ट बहिणीलाही सांगता आली नाही, ती पाच मिनिटांच्या तपासणीत परक्या माणसाला कशी विचारणार? आणि त्या सगळ्या औषधांच्या बाबतीत तरी हा प्रश्न वेळेवर कुणी विचारला होता?

असो. पुढच्या महिन्यात तारीख आहे. बरोबर मी जाणार आहे, प्रश्नांची यादी घेऊन.