अफूचे सभ्य सौदागर

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाला ज्यांच्या देणगीमुळे हे नाव मिळाले, ते जमशेटजी जीजीभॉय कापसाबरोबर माळव्याची अफूही चीनला पाठवत. चीनमध्ये तिच्या आयातीला बंदी होती. पण आपण चोरटा धंदा करतो, असे या व्यापाऱ्यांना वाटतच नसे. माल लिंटिन बेटापाशी नांगरलेल्या जहाजांवर विकायचा. किनाऱ्याला लावणार चिनी होड्या. म्हणजे तस्कर ते, आपण सौदागर! त्यांचे कँटनमधले अडते विल्यम जार्डिन, मूळचे डॉक्टर बरे का, यांनी १८३० साली एका पत्रात हा धंदा सभ्य गृहस्थाला शोभेसा ठरवला होता. १८३९ मध्ये चिनी आयुक्त लिन यांनी वीस हजारांवर पेट्या नष्ट केल्या, तेव्हा व्यापाऱ्यांनी भरपाई मागितली. १८४२ च्या नानकिंग तहाने ती चीनकडून वसूल झाली. त्याच वर्षी जमशेटजी ‘सर’ झाले.