टोपणनावे, स्थानाधारित सेवांतील
मोबाइलवरील स्थानाधारित सेवा वापरताना खऱ्या ओळखीऐवजी बदलते नाव वा क्रमांक देऊन वापरकर्त्याची गोपनीयता राखण्याची पद्धत.

उगम : डेव्हिड चॉम यांनी १९८१ मध्ये संदेशांची सरमिसळ करून प्रेषक लपवण्याची योजना मांडली (पहा : कूटलेखनविद्या). तिच्या आधारे केंब्रिज विद्यापीठातील ॲलिस्टेअर बेरेसफर्ड व फ्रँक स्तायानो यांनी २००३ मध्ये ‘मिश्रण क्षेत्र’ ही संकल्पना प्रसिद्ध केली.

वैशिष्ट्ये : टोपणनाव कायम राहिल्यास रात्रीच्या व दिवसाच्या ठिकाणांवरून घर, कचेरी आणि पर्यायाने व्यक्ती ओळखता येते, म्हणून ते वारंवार बदलतात. हा बदल मिश्रण क्षेत्रात होतो. तेथे असताना सेवांना स्थान कळवले जात नाही; त्यामुळे आत गेलेल्यांपैकी कोण कोणत्या नव्या नावाने बाहेर पडले, हे जुळवणे अवघड होते. क्षेत्रात एकच व्यक्ती असल्यास, किंवा प्रवेश-निर्गमनाच्या वेळा व दिशांवरून अंदाज बांधता आल्यास संरक्षण घटते.

महत्त्व : २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे १५ लाख मोबाइलधारकांपैकी ९५ टक्के व्यक्ती वेगळ्या ओळखण्यास स्थळ-काळाचे चार बिंदू पुरेसे ठरले; केवळ नाव वगळणे अपुरे असल्याचे त्यातून दिसते. वाहनांमधील परस्पर संदेशवहनाच्या मानकांतही बदलत्या टोपणनावांची तरतूद आहे (पहा : जागतिक स्थाननिश्चिती प्रणाली, माहिती सुरक्षा).