परदेशात व्यवसाय थाटायचा, तर कोणता व्हिसा?

सोलापूर - टॉवेल, चादरी आणि गणवेशांची निर्यात करणाऱ्या सोलापुरातील उद्योजकाला परदेशात स्वतःचे कार्यालय किंवा गोदाम असावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील अतिरिक्त शुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा एकाच देशातील ग्राहकांवर विसंबून राहण्याचा धोका पुन्हा समोर आला. मात्र परदेशात कंपनी नोंदविणे आणि तेथे राहून ती चालविण्याचा परवाना मिळणे, या दोन सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत. लंडनमध्ये कंपनीची नोंदणी सोलापुरात बसूनही करता येते. वास्तव्याचा हक्क त्यातून मिळत नाही. एस्टोनियाने २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'ई-रेसिडेन्सी'बाबतही हाच गैरसमज आढळतो. ते डिजिटल ओळखपत्र आहे, व्हिसा नव्हे.

ग्राहकांच्या भेटी, करार आणि प्रदर्शने एवढेच काम असेल, तर साधा व्यावसायिक भेटीचा व्हिसा पुरतो. जानेवारीत फ्रँकफर्टला भरणाऱ्या 'हाइमटेक्स्टिल' प्रदर्शनासाठी शेंगेन व्हिसा चालतो. त्यावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येते. दुकान थाटून बसणे किंवा तेथे पगार घेणे मात्र त्यात बसत नाही.

दुबईचा सोपा मार्ग

कापडाच्या व्यापाऱ्याला सर्वांत सुलभ पर्याय संयुक्त अरब अमिरातीचा. तेथे व्यवसाय नावीन्यपूर्ण असावा, अशी अट नाही. मुक्त क्षेत्रात परवाना घेतला, की त्याच्या आधारे साधारणतः दोन वर्षांचा निवास व्हिसा मिळतो. २०२१ पासून मुक्त क्षेत्राबाहेरही बहुतेक व्यवसायांत शंभर टक्के परकी मालकीला मुभा आहे. मे २०२२ मध्ये अमलात आलेल्या भारत-अमिराती करारामुळे भारतीय कापडावरील पाच टक्के शुल्कही गेले.

तथापि मुक्त क्षेत्रातील कंपनीला स्थानिक बाजारपेठेत थेट विक्री करता येत नाही. त्यासाठी वेगळा परवाना किंवा स्थानिक वितरक लागतो. माल पुढे आफ्रिकेला पाठविणाऱ्याला याची अडचण नाही, दुबईच्या हॉटेलांना टॉवेल विकू पाहणाऱ्याला आहे. जून २०२३ पासून पावणेचार लाख दिऱ्हॅमपुढील नफ्यावर नऊ टक्के कंपनी कर लागू झाला. सलग सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास साधा निवास व्हिसा रद्द होतो. त्यामुळे इकडे कारखाना आणि तिकडे नावापुरते कार्यालय, असा बेत असणाऱ्यांनी ही अट आधी वाचावी.

अमेरिका: बंद दार आणि दोन खिडक्या

तुलनेने कमी गुंतवणुकीत मिळणारा अमेरिकेचा 'ई-२' व्हिसा भारतीयांना उपलब्ध नाही. दोन्ही देशांत तसा करारच नाही. ग्रेनाडाचे नागरिकत्व विकत घेऊन तो मिळवा, असा सल्ला काही एजंट देतात. परंतु २०२२ अखेरच्या अमेरिकी कायद्याने अशा नागरिकाला आधी तीन वर्षे त्या देशात वास्तव्याची अट घातली. शिवाय परकी नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. एजंटांच्या माहितीपत्रकात ही बाब क्वचितच ठळक अक्षरांत असते.

उरतात 'एल-१ए' आणि 'ईबी-५'. पहिल्यात भारतातील कंपनी आपल्या व्यवस्थापकास अमेरिकेतील शाखेत पाठविते. त्याने मागील तीन वर्षांत किमान एक वर्ष सलग त्या कंपनीत काम केलेले असावे लागते. नव्या कार्यालयासाठी प्रथम एकच वर्ष मिळते. मुदत वाढत कमाल सात वर्षांपर्यंत जाते. भारतातील व्यवसायही चालूच राहावा लागतो; माग विकून जाणाऱ्यासाठी हा व्हिसा नाही. 'ईबी-५' ग्रीन कार्ड देतो, पण २०२२ च्या कायद्यानुसार त्यासाठी साडेदहा लाख डॉलर, मागास वा ग्रामीण भागात आठ लाख डॉलर आणि दहा जणांना रोजगार द्यावा लागतो.

कल्पकतेची अट

ब्रिटनने एप्रिल २०२३ मध्ये 'इनोव्हेटर फाउंडर' व्हिसा आणताना ५० हजार पौंडांची किमान गुंतवणुकीची अट काढली. प्रथमदर्शनी ही सवलत वाटते. प्रत्यक्षात कल्पना नवी, व्यवहार्य आणि विस्तारक्षम असल्याची मान्यताप्राप्त संस्थेची शिफारस लागते. टॉवेलची सरधोपट आयात या निकषात बसणे कठीण. अशा निर्यातदारास किमान तीन वर्षे चालू असलेल्या कंपनीसाठीचा 'एक्स्पान्शन वर्कर' व्हिसा अधिक योग्य; मात्र तो कमाल दोन वर्षांचा असून, त्यातून कायम वास्तव्य मिळत नाही. सिंगापूरच्या 'आंत्रपास'चा भरही नावीन्यावर किंवा भांडवल-साह्यावरच आहे.

जर्मनी किमान रकमेचा आग्रह धरत नाही. व्यवसायाला स्थानिक गरज आहे का, हे पाहते. वय ४५ हून अधिक असल्यास निवृत्तिवेतनाची तजवीज दाखवावी लागते. कॅनडाच्या 'स्टार्ट-अप व्हिसा'ने २०२५ अखेर नवे अर्ज घेणे थांबविले, तर ऑस्ट्रेलियाचा जुना व्यवसाय व्हिसा २०२४ मध्येच बंद झाला. या दोन देशांची जुनी माहिती अद्याप फिरत असते, हे लक्षात ठेवावे.

पैसा बाहेर कसा न्यायचा?

व्हिसा मिळाला तरी रक्कम पाठविताना रिझर्व्ह बँकेचे नियम आडवे येतात. निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच पाठविता येतात. या हिशेबाने 'ईबी-५'चे आठ लाख डॉलर एकट्याने नेण्यास चार आर्थिक वर्षे लागतील. गुंतवणुकीसाठी वर्षात दहा लाख रुपयांपेक्षा अधिक पाठविल्यास वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ वसूल करते. तो विवरणपत्रात समायोजित होतो, पण तोवर भांडवल अडकते.

कंपनीला मात्र २०२२ च्या परदेशी गुंतवणूक नियमांनुसार स्वतःच्या निव्वळ मत्तेच्या चौपट रकमेपर्यंत बाहेर गुंतविता येते. ही मुभा मर्यादित दायित्वाच्या भागीदारीला आणि १९३२ च्या कायद्याखाली नोंदलेल्या भागीदारी संस्थेलाही आहे. एकल मालकीचा कारखानदार व्यक्ती म्हणूनच मोजला जातो. त्याला अडीच लाखांचीच मर्यादा. घरच्या मंडळींच्या तोंडी समझोत्यावर चालणाऱ्या पेढीने त्यामुळे व्हिसाच्या अर्जाआधी भागीदारीची नोंदणी उरकून घ्यावी.