सुकाणूतील ढिलेपणाचा इतिहास

पावसाळ्यात कृष्णा-वारणेला पूर आला की काठावरच्या गावांतले लोक पूर्वी गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडून पैलतीर गाठत. काहील तरंगते उत्तम, पण तिला पुढे-मागे असे काही नाही. एका बाजूला जोर दिला की ती स्वतःभोवती गिरकी घेते. त्याच नदीत चालणाऱ्या लांबट होडीला मात्र दिशा असते, आणि मागच्या टोकाला बसलेला माणूस एका वल्ह्याने ती दिशा सांभाळतो. तरंगणे ही एक गोष्ट आणि हवे तिकडे जाणे ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीसाठी माणसाने जी साधने केली, त्यांच्या इतिहासात एक प्रश्न पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. तो म्हणजे सुकाणू आणि सुकाणू धरणारा हात यांच्यामधला ढिलेपणा. आज यांत्रिक बोटीच्या स्टर्नड्राइव्हमध्ये कारागीर ज्या दोषाशी झगडतात तो हाच. म्हणून या दोषाची मुळे शोधत आपण थोडे मागे जाऊ.

अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांच्या जहाजाचे चित्र आहे. ते सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीचे. त्या जहाजाच्या पिछाडीला सुकाणूचे काम करणारी मोठी वल्ही दिसतात. असे वल्हे माणसाच्या थेट हातात असते. हात आणि पाणी यांच्यामध्ये एकच लाकूड, त्यामुळे हात हलला की पाते हललेच. ढिलेपणाला जागाच नाही. अडचण वेगळीच होती. जहाज मोठे झाले की एवढे वल्हे पेलायला माणसाचे बळ अपुरे पडू लागले.

यावरचा उपाय म्हणजे पिछाडीच्या मधोमध बिजागरीसारखे बसवलेले सुकाणू. चीनमध्ये हान काळातील एका थडग्यात सापडलेल्या मातीच्या नौकेवर मागच्या बाजूला मधोमध सुकाणू आहे. युरोपात असे सुकाणू बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातील दगडी कोरीवकामात दिसते. येथे खुंटी आणि कडी आली, म्हणजे सांधा आला. सांधा फिरायचा तर खुंटी आणि कडी यांच्यात थोडी फट ठेवावीच लागते. फट नसेल तर सांधा जाम होतो, फट जास्त झाली तर सुकाणू डगमगते. ढिलेपणाची गोष्ट येथून सुरू झाली.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मोठ्या जहाजांवर चाक आले. चाकाभोवती दोर गुंडाळलेला, दोराची टोके कप्प्यांवरून जाऊन सुकाणूच्या दांड्याला बांधलेली. माणसाचे बळ अनेक पटींनी वाढले, पण नवा घोटाळा झाला. दांडा मध्यावर असताना ताठ असलेला दोर दांडा बाजूला वळला की सैल पडे. दोर ताणला जाई हे एक कारण, पण दुसरे कारण शुद्ध भूमितीचे होते. दांड्याचे टोक वर्तुळाच्या कंसावरून फिरते. दोन बाजूंच्या दोन स्थिर कप्प्यांपासून त्या टोकाच्या अंतरांची बेरीज सर्व स्थितींत सारखी राहत नाही, दोराची लांबी मात्र तीच राहते. मग फरकाएवढा दोर लोंबकळणारच. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या आरमारात यावर सुबक उपाय निघाला. दांड्याच्या टोकाखाली वर्तुळाच्या कंसाच्या आकाराची लाकडी पट्टी बसवून दोर त्या कंसावरूनच नेला. आता एका बाजूला जेवढा दोर सुटे तेवढाच दुसऱ्या बाजूला ओढला जाई. नववीच्या वर्गात फळ्यावर खडू, दोरा आणि दोन खिळे घेऊन हा फरक सहज दाखवता येतो.

वाफेच्या युगात जहाजे इतकी अवजड झाली की चाकालाही अनेक माणसे लागू लागली. १८६० च्या दशकात मॅकफार्लेन ग्रे यांनी ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजासाठी वाफेवर चालणारे सुकाणूयंत्र केले. त्यातली कल्पना महत्त्वाची आहे. माणूस चाक फिरवून फक्त झडप उघडतो, सुकाणू वाफ फिरवते, आणि सुकाणू हव्या जागी पोचले की त्याचीच हालचाल झडप बंद करते. फ्रान्समध्ये झोझेफ फार्को यांनी अशाच रचनेला ‘सर्व्होमोटर’ हे नाव दिले. आजच्या यांत्रिक बोटीतील पॉवर स्टिअरिंग याच कल्पनेचे धाकटे भावंड आहे, फक्त वाफेच्या जागी तेलाचा दाब आला.

दरम्यान बोटीला पुढे ढकलण्याची रीतही बदलली. १८३६ साली फ्रान्सिस पेटिट स्मिथ आणि जॉन एरिक्सन यांनी स्क्रूसारख्या पंख्याची पेटंटे स्वतंत्रपणे घेतली. १९०९ साली अमेरिकेत ओले एव्हिनरूड यांनी बोटीच्या पाठीवर टांगायचे इंजिन विक्रीस आणले. त्यात एक मोठा बदल दडलेला होता. सुकाणूचे पाते पाण्याच्या प्रवाहाला वळवते. येथे मात्र पंखाच वळतो, म्हणजे ढकलण्याच्या बलाचीच दिशा बदलते. त्यामुळे बोट चपळ वळते. पण इंजिन बंद पडले की ते बल नाहीसे होते आणि दिशेवरचा ताबाही बहुतांशी जातो. पुराच्या पाण्यात बोट चालवणाऱ्याने हे कधीही विसरू नये.

मागे टांगलेल्या इंजिनाची शक्ती मर्यादित होती आणि बोटीच्या आत बसवलेल्या इंजिनाचा पंखा वळवता येत नव्हता. या दोहोंचा मेळ जिम विन या अमेरिकन अभियंत्याने व्होल्वो पेंटा या स्वीडिश कंपनीबरोबर घातला. १९५९ साली त्यांचे ‘ॲक्वामॅटिक’ बाजारात आले. इंजिन आत, पंख्याचा पाय बाहेर. पाय डावी-उजवीकडे वळतो आणि वर-खालीही उचलता येतो. १९६१ मध्ये मर्क्युरी कंपनीने ‘मर्क्रूझर’ आणले आणि ही रचना जगभर पसरली. हाच स्टर्नड्राइव्ह.

पाय दोन दिशांनी हलायचा आणि तरी इंजिनाची फिरकी त्याच्यापर्यंत पोचायची, हे साधले दोन जुन्या कल्पनांनी. जहाजावरचा होकायंत्र समतल ठेवणारी एकात एक बसणारी कडी, म्हणजे गिंबल, सोळाव्या शतकातील इटालियन गणिती कार्दानो यांच्या नावाशी जोडली जाते. वाकत्या कोनातून फिरकी नेणारा सांधा सतराव्या शतकातील रॉबर्ट हूक यांच्या नावाने ओळखला जातो. ट्रकच्या पोटाखालच्या प्रॉपेलर शाफ्टला हा सांधा विद्यार्थ्यांनी पाहिलेला असतो.

आता ढिलेपणाकडे वळू. चालकाचे चाक, त्यामागचे दाते, सायकलच्या ब्रेकच्या तारेची आठवण करून देणारी पण ओढता आणि ढकलताही येणारी केबल, पॉवर स्टिअरिंगची झडप व सिलिंडर, मग बोटीच्या आतला आडवा दांडा, त्याला जोडलेली उभी पिन, पिनेला पकडणारी गिंबलची कडी आणि शेवटी पंख्याचा पाय अशी ही साखळी आहे. प्रत्येक कडीत थोडी झीज झाली की बेरीज चाकावर जाणवते. पण सर्व झिजेचे वजन सारखे नसते.

हिशेब करून पाहू. समजा आडव्या दांड्याच्या टोकाशी, पिनेपासून २०० मिलिमीटर अंतरावर, अर्ध्या मिलिमीटरची फट पडली. कोन झाला ०.५ भागिले २०० रेडियन, म्हणजे सुमारे ०.१४ अंश. आता तेवढीच फट उभी पिन आणि गिंबलची कडी यांच्या पकडीत पडली, जिथे अंतर फक्त १२ मिलिमीटर आहे. कोन झाला सुमारे २.४ अंश, म्हणजे जवळजवळ सतरा पट. चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेतीन फेरे, म्हणजे १२६० अंश फिरत असेल आणि पाय एकूण ६० अंश वळत असेल, तर पायाच्या एका अंशाला चाकाचे २१ अंश लागतात. पहिल्या फटीने चाकावर ३ अंशांचा मोकळा फेर येईल, दुसरीने ५० अंशांचा. म्हणून अनुभवी कारागीर प्रथम अक्षाजवळच्या सांध्याकडे पाहतो.

निदानाची रीत विज्ञानाच्या कोणत्याही प्रयोगाला शोभेल अशी आहे. बोट पाण्याबाहेर काढायची, इंजिन बंद ठेवायचे आणि चावी काढून घ्यायची. एकाने चाक घट्ट धरायचे, दुसऱ्याने पाय हाताने डावी-उजवीकडे हलवायचा आणि तिसऱ्याने साखळीतील प्रत्येक सांध्यावर बोट ठेवून पाहायचे. ज्या सांध्याच्या एका बाजूला हालचाल आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, तेथे दोष. पाय हलतो पण आतला दांडा स्थिर आहे, तर पिन किंवा गिंबलची कडी झिजली आहे. दांडाही हलतो पण केबलचे टोक स्थिर आहे, तर त्यांना जोडणारी पिन सैल आहे. केबलही हलते, तर चाकाच्या बाजूला शोधायचे. पाय पुढे-मागे डुलत असेल तर खालच्या पिनेचे बुश पाहावेत. बोटीच्या आत दांड्याखाली पाण्याचे ओघळ आणि गंज दिसला तर पिनेचे सीलही गेले असे समजावे.

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी. पॉवर स्टिअरिंग असलेल्या बोटीत इंजिन बंद असताना चाकाचा थोडा मोकळा फेर स्वाभाविक असतो, कारण झडप उघडायला तेवढी हालचाल लागते. आणि अगदी मंद वेगात स्टर्नड्राइव्हची बोट डावी-उजवीकडे भटकते, हा तिचा स्वभाव आहे, दोष नव्हे. उलट वेगात दोष लपतो. पंख्याचे बल पायाला सतत एका बाजूला रेटते आणि फट त्या बाजूला मिटून जाते. वेग एकदम कमीजास्त केला की बल पालटते आणि लपलेली फट अचानक उघडी पडते. म्हणून ‘चालताना काही वाटत नाही’ हा पुरावा पुरेसा नाही.

दुरुस्ती दोषाच्या जागेवर ठरते. सैल नट आवळता येतो, जोडणीची पिन बदलता येते, झिजलेली केबल मात्र पूर्ण बदलावी. कडीचे पकड-बोल्ट आवळून काही दिवस निभावते, पण पिनेचे चौकोनी टोक किंवा खाचा गोलावल्या असतील तर पिन, कडी, बुश आणि सील एकत्र बदलणे हाच उपाय. काही रचनांत यासाठी इंजिन बाहेर काढावे लागते, आणि खर्चाच्या भीतीने हे काम नेमके पुढे ढकलले जाते.

ढिलेपणा नुसता त्रासदायक नसून धोक्याचा का आहे? चालक चाक फिरवतो, काही होत नाही. तो आणखी फिरवतो, आता बोट गरजेपेक्षा जास्त वळते. तो उलट फिरवतो, पुन्हा तोच उशीर. बोट नागमोडी जाऊ लागते. १९२२ साली निकोलस मिनोर्स्की यांनी जहाज चालवणाऱ्या सुकाणूधारकांच्या कृतीचा गणिती अभ्यास मांडला, आणि आजच्या स्वयंचलित नियंत्रणशास्त्राचा एक पाया तेथे घातला गेला. साखळीतला ढिलेपणा अशी आंदोलने निर्माण करतो, हे त्या शास्त्रातले नेहमीचे उदाहरण आहे.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. १९६४ मध्ये कोयना धरण पूर्ण झाले आणि शिवसागराच्या पाण्याने सातारा जिल्ह्यातील अनेक गावांचे जुने रस्ते गिळले. तापोळा, बामणोली या भागात बोट हीच वाट झाली. तेच पाणी कराडला कृष्णेत मिसळून सांगलीकडे जाते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून लोकांना नेणारी बोट उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. त्या दुर्घटनेचे कारण सुकाणू होते असे आम्ही म्हणत नाही. पण त्यानंतर पूरपट्ट्यात बोटींचा विचार अधिक गंभीरपणे होऊ लागला, आणि येथे एक साधी गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल. पुरासाठी ठेवलेली बोट वर्षातले दहा-अकरा महिने उभी असते. वंगण सुकते, सांधे धरतात, गंज चढतो. ज्या दिवशी ती लागते त्या दिवशी तपासायला वेळ नसतो.

या भागात बहुतेक बोटींना मागे टांगलेले इंजिन असते, स्टर्नड्राइव्ह क्वचित. पण चाक, केबल, दांडा, पिन ही साखळी दोन्हींत नात्यातली आहे आणि तपासणीची रीत तीच आहे. एकाने चाक धरायचे, एकाने पाय हलवायचा, एकाने पाहायचे. तीन माणसे आणि पंधरा मिनिटे. मे महिन्यात, पहिल्या पावसाच्या आधी, गावातल्या बोटीपाशी हे करून पाहायला वरच्या वर्गातील मुलांना जाणत्या कारागिराबरोबर नेले, तर तरफ, कोन आणि घर्षण हे धडे त्यांच्या कायमचे लक्षात राहतील, आणि बोटही तपासून होईल.