विद्येचें माप

परीक्षा घेतांना मनुष्यास काय येतें एवढेंच पाहावें, कीं तें तो कोठें शिकला हेंही पाहावें? हा प्रश्न आजचा वाटतो. परंतु पुण्याचा व त्याचा परिचय फार जुना आहे.

सरसेनापति खंडेराव दाभाडे यांनीं तळेगांवीं श्रावण महिन्यांत विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा देण्याचा प्रघात पाडला. १७३१ सालीं डभईच्या लढाईंत त्यांचे पुत्र त्रिंबकराव पडले. त्यानंतर हें कार्य पेशव्यांनीं पुण्यास चालविलें. दूरदूरचे वैदिक व शास्त्री येत, त्यांची परीक्षा होई आणि योग्यतेप्रमाणें रक्कम ठरे. कोणी काशीस शिकलेला असे, कोणी गुरुगृहीं, कोणी घरींच वडिलांपाशीं. पाठशाळेचा दाखला लागत नसे. रामशास्त्री प्रभुण्यांचे बंधु दक्षिणेस आले, तेव्हां नाना फडणिसांनीं त्यांस २० रुपये देऊं केले. 'बंधु विद्वान नाहीं, इतरांप्रमाणें २ च द्यावे,' असें शास्त्रीबोवांनीं सांगितल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे.

परंतु या मापांत मोठें वैगुण्य होतें. परीक्षेस उभें राहण्याचा अधिकार जन्मानें मिळे. सुताराची, तांबटाची, शेतकऱ्याची विद्या रमण्याच्या दाराबाहेरच राहिली. स्त्रियांचीही तीच गत.

इंग्रजी अमलांत दक्षिणा घटली, तरी बंद पडली नाहीं. तिच्याच पैशांतून १८२१ सालीं पुण्यास संस्कृत पाठशाळा निघाली. पुढें १८४९ सालीं लोकहितवादी आदि सुधारकांनीं त्यांतील कांहीं भाग मराठी ग्रंथांच्या बक्षिसांसाठीं मागितला, आणि दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वांत आली. आतां ग्रंथाचा गुण पाहावयाचा होता. पण १८५५ सालीं जोतीराव फुले यांनीं आपलें 'तृतीय रत्न' हें नाटक कमिटीकडे पाठविलें, तें नाकारण्यांत आलें. दार उघडलें तरी परीक्षकाची दृष्टि तेवढ्यानें उघडत नाहीं, हें त्या प्रसंगानें दाखविलें.

१८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें. जन्माची अट गेली. तिच्या जागीं मॅट्रिकची परीक्षा व कॉलेजांत टर्मा भरण्याची अट आली. वर्गाबाहेर मिळविलेल्या ज्ञानास पदवीच्या हिशेबांत जागा उरली नाहीं.

ती जागा पुन्हां होण्यास शंभराहून अधिक वर्षें लागलीं. १९८९ सालीं नाशिकास यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालें. शाळेचा दाखला नसलेल्या प्रौढांसही त्यानें पूर्वतयारीच्या शिक्षणक्रमावाटे पदवीचा मार्ग खुला केला. २०२१ च्या नियमांनीं 'स्वयम्' या सरकारी योजनेंतील पाठ घरीं बसून पुरे करणाऱ्यास एका सत्राचे ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक त्यांतून मिळवितां येऊं लागले.

तरीही हे पाठ म्हणजे एक प्रकारचा वर्गच. मुळशी तालुक्यांतील जांब्यासारख्या गांवीं एखाद्यानें वडिलांच्या हाताखालीं भाताचें बियाणें, रोप व पाणी यांचें ज्ञान मिळविलें असेल, तर तें शेतकी कॉलेजांत कोणत्या मापानें मोजावें? त्यासाठीं पुस्तकाबरोबर खाचरही जाणणारा आणि रामशास्त्र्यांइतका निःस्पृह परीक्षक लागेल. नियम करणें सोपें असतें. असा परीक्षक तयार करणें हेंच खरें काम आहे.